गिनी स्थिर

प्रफुल्ल टेंभुर्णे हा खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला भामटा ठरवून मोकळे व्हाल. भाजीवाल्यानं चुकून दहा रुपये जास्त परत केले तर सरोजिनी नगरच्या बाजारातून अर्ध्या वाटेवरून मागे फिरणारा माणूस तो. त्याचं खोटं फक्त एका ओळीचं होतं, आणि तीही कुणाला फसवायला लिहिलेली नव्हती. आळसानं लिहिली होती. आळसाला आपल्याकडे कुणी पाप मानत नाही, तिथंच सगळा घोळ आहे.

गोल मार्केटजवळच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका लहानशा वृत्तसंस्थेत तो सव्वीस वर्षं भाषांतरकार होता. दिल्लीच्या बातम्या मराठीत करायच्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बत्तीस दैनिकांना पाठवायच्या, हे काम. संध्याकाळी सहाला सराफा बाजार. त्याच्या पाच ओळी ठरलेल्या. सोनं शुद्ध, सोनं दागिन्याचं, चांदी, चांदीची नाणी, आणि शेवटी गिनी.

गिनीचीही एक गंमतच आहे. आपल्या बायाबापड्या जिला गिनी म्हणतात ती मुळात गिनी नव्हेच. राजाराणीचं तोंड असलेला तो आठ ग्रॅमचा पौंड. इंग्रजांची खरी गिनी एकवीस शिलिंगांची, पौंडापेक्षा एका शिलिंगानं मोठी. ती पाडणं त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच बंद केलं, पण वकिलाची फी, शर्यतीचा घोडा, तसबीर, असलं सगळं साहेबलोक पुढेही गिनीतच सांगत राहिले. नाणं मेलं तरी भाव जिवंत. प्रफुल्लला हे कुठंतरी वाचून ठाऊक होतं आणि नव्या माणसाला तो ते हौसेनं सांगायचा. नवी माणसं यायची थांबली तेव्हा सांगायचंही थांबलं.

सोन्याचांदीचे भाव इंग्रजी वृत्तसेवेवर येत, गिनीचा मात्र येत नसे. तो चांदनी चौकातल्या कूचा महाजनी या सराफांच्या गल्लीतून राघवजी नावाचे एक म्हातारे दलाल फोनवर सांगायचे. दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात राघवजी वारले. त्या संध्याकाळी प्रफुल्लनं संपादकांना विचारलं, "गिनीचं काय करू?" संस्थेचे मालक आणि संपादक विश्वासराव करंदीकर. दिल्लीत तिसरी पिढी, बोलणं निम्मं हिंदी. ते म्हणाले, "अरे यार, कालचाच टाक. गिन्नी कौन पूछता है?" पाच ओळींची जागा पानावर ठरलेली होती, चार पाठवल्या तर बत्तीस ठिकाणांहून फोन आले असते. प्रफुल्लनं कालचा आकडा टाकला, चोवीस हजार सहाशे, आणि पुढं लिहिलं, 'गिनीचा भाव स्थिर राहिला.'

दोन दिवसांत दुसरा दलाल शोधू असं ठरलं होतं. त्या दोन दिवसांची अकरा वर्षं झाली. मध्ये संगणक बदलले, फॅक्सची यंत्रं भंगारात गेली, सोनं तिपटीचौपटीनं चढलं, आणि गिनी आपली जागची हलली नाही. नंतर नंतर तर ती ओळ टाईपसुद्धा करावी लागत नसे. कालच्या फाईलीतून आपोआप आजच्या फाईलीत यायची.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. हवेत तो दिल्लीचा धुराचा कडू वास भरून राहिला होता. दुपारी तीनच्या सुमाराला एक बाई तीन जिने चढून आल्या आणि दाराशी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासच्या, निळी सुती साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. दम खात त्यांनी विचारलं, "मराठी पेपराले भाव पाठवते ते ऑफिस हेच का जी?"

आपल्याकडची बोली ऐकून प्रफुल्ल उठलाच. खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंचं नाव शेवंता रंगारी, तुमसरच्या. प्रफुल्ल भंडाऱ्याचा, म्हणजे घरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात त्यांच्या गावचा एक जण खोल्यांच्या देखरेखीवर होता, त्याच्या घरी त्या उतरल्या होत्या. "तुमी आपल्याकडचे निघाले, आता काम होते माझं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक जाडजूड वही काढली.

वहीत वर्तमानपत्राची कात्रणं होती. दर महिन्याच्या एक तारखेची, सराफा बाजाराची. एका पानावर एक, खळीनं चिकटवलेलं, बाजूला पेनानं तारीख. प्रफुल्लनं दोन पानं उलटली. मजकूर त्याचाच होता.

शेवंताबाईंनी सांगितलं ते असं. नवऱ्यानं दुसरं घर केलं. दोन हजार नऊ साली कोर्टात तडजोड झाली. शेवंताबाईंचे वडील एका सराफाच्या पेढीवर चौकीदार होते. शिकलेले नव्हते, पण आयुष्यभर सोन्याच्या दाराशी बसून एक गोष्ट शिकले होते. ते वकिलाला म्हणाले, माझ्या पोरीची पोटगी रुपयात लिहू नका, रुपया विरघळतो. गिनीत लिहा. म्हणून कागदावर आलं, 'दरमहा पाव गिनी, एक तारखेच्या दैनिकात दिल्ली सराफा बाजाराचा म्हणून जो भाव छापून येईल त्या दराने.' नवरा राइस मिलचा मालक. त्याला पाव हा शब्द ऐकून स्वस्त वाटलं, त्यानं सही केली.

"सुरुवातीले तीन हजार पडत," शेवंताबाई म्हणाल्या. "मग दर साली वाढत गेले. सहा हजाराच्या वर गेले. मी रोज बाबाचं नाव घेऊ. मग बाबा वारले आन् गिनीबी थांबली." हे त्या तक्रारीनं सांगत नव्हत्या. पाऊस थांबला म्हणावं तसं सांगत होत्या.

"इतकी वर्षं तुम्हाला शंका नाही आली?" प्रफुल्लनं विचारलं. विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आली ना. वरतं सोनं वाढते, खालतं गिनी स्थिर. मले वाटलं, ते इंग्रजाचं आहे, त्याचं काही वेगळं असंल. त्याईची राणी मेली तवा म्हटलं, आता तरी हलंल. नाही हलली." त्या थोडं हसल्या. "दिल्लीहून येते म्हटल्यावर खोटं कसं असंल जी? यंदा गुडघ्यानं दुसऱ्या एका मिलमधलं तांदूळ निवडणं सुटलं, तवा सराफाले जाऊन विचारलं. तो म्हणे, बाई, गिनी नव्वद हजारावर आहे. मी तिथंच पायरीवर बसली."

पाव गिनी म्हणजे बावीस हजारांच्या वर. त्यांना मिळत होते सहा हजार दीडशे. हा हिशेब प्रफुल्लनं मनात केला आणि तो त्याला पुरला. अकरा वर्षांचा करायची त्याची छाती झाली नाही.

नवऱ्याचा वकील म्हणत होता, करारात छापील भाव लिहिलाय, छापील भाव दिला, विषय संपला. शेवंताबाईंचा वकील म्हणत होता, दिल्लीहून लेखी आणा. अमुक सालापासून हा भाव बाजाराचा नव्हता, जुनाच आकडा पुढं ढकलला जात होता, एवढा एक कागद संस्थेच्या शिक्क्यानिशी मिळाला की मी लढतो. बस, एक कागद. त्यासाठी त्या अठरा तास गाडीत बसून आल्या होत्या.

"आन् भाऊ, हे जो कोणी लिहिते," त्यांनी वहीवर बोट ठेवलं, "त्या बाबूले एकदा भेटवा. मी भांडत नाही. फक्त विचारते, काहून केलं म्हणून."

प्रफुल्लच्या तोंडून निघून गेलं, "तो बदलून गेला, ताई. आता नाही इथं."

ती ओळ आळसाची होती, पण हे खोटं मात्र शुद्ध, चोवीस कॅरेटचं. आयुष्यभर दहा रुपये परत करणाऱ्या माणसाला ते किती सहज जमलं याचं त्यालाच नवल वाटलं. साहेब बाहेर आहेत, मी विचारून कागद पाठवतो, असं सांगून त्यानं वहीच्या झेरॉक्स काढून घेतल्या, स्वतःचा नंबर दिला आणि त्यांना रिक्षापर्यंत पोहोचवलं. रिक्षावाल्याशी हिंदीत भाव करून वर वीस रुपये स्वतः दिले. माणूस असाच असतो. खड्डा आपणच खणायचा आणि बाजूला पाण्याचा माठ ठेवायचा.

विश्वासराव साहेब बाहेर नव्हते, आतल्या खोलीत चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते वाईट माणूस नाहीत, पण संस्था कशीबशी तग धरून होती आणि त्यांना मुलाच्या हाती ती धड सोपवायची होती.

"प्रफुल्ल, तू शुद्धीवर आहेस ना? अकरा वर्षं आम्ही काल्पनिक भाव पाठवला, असं लेटरहेडवर लिहून देऊ? उद्या बत्तीसच्या बत्तीस पेपर सोडून जातील. हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं?"

"पण तिचं नुकसान झालंय, साहेब. आपल्यामुळे."

"आपल्यामुळे? तिच्या नवऱ्यामुळे. झाकली मूठ सव्वा लाखाची, बिल्कुल तोंड उघडू नकोस. आणि हां, ती ओळच काढून टाक आजपासून. गिन्नी खतम. कटकट नको."

रविवारी मुलगी लुंबिनी आली होती. गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी, तिथंच दोघीतिघींत मिळून फ्लॅट. रविवारी मेट्रोनं आईच्या हातचं जेवायला यायची. घर म्हणजे प्रफुल्लची बायको क्रांती हिच्या मंत्रालयातल्या नोकरीचं क्वार्टर. आजूबाजूचे ब्लॉक पाडून उंच इमारती उठल्या होत्या, यांची रांग अजून उभी होती इतकंच. जेवताना प्रफुल्लनं सगळं सांगितलं. बायकोपासून लपवण्याइतका तो अजून बिघडला नव्हता.

"बाबा, पोटगी म्हणजे?" लुंबिनीनं विचारलं.

"मेंटेनन्स," क्रांती म्हणाली. "नवऱ्यानं टाकलेल्या बाईला जगायला देतात ते."

"अच्छा." लुंबिनीनं घास हातातच धरला. "मग तुम्ही लिहून द्या ना. व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

प्रफुल्ल म्हणाला, नोकरी जाईल. क्रांतीनं ताटावरून मान वर केली. ती तशी कमी बोलायची, पण बोलली की सुईत दोरा ओवल्यासारखं नेमकं. "नोकरीचं कारण सांगू नकोस. माझी नोकरी आहे, मुलगी कमावते, उपाशी कुणी मरत नाही. जनाची नाही, मनाची तरी ठेव. ती बाई आपल्या भंडाऱ्याची आहे. तुझ्या बहिणीचं असं झालं असतं तर?"

 क्रांतीनं बरोबर मर्मावर बोट ठेवलं होतं. भीती भाकरीची नव्हतीच. गावात, नातेवाइकांत त्याला 'आमचा दिल्लीतला लेखणीवाला' म्हणत. बापानं विड्या वळून शिकवलेल्या पोरानं अकरा वर्षं डोळे मिटून एक आकडा गिरवला, हे कोर्टात, त्याच जिल्ह्यात, त्याच पेपरात छापून येणार होतं. त्याचं नाव जाणार होतं. एका बाईच्या दरमहा बुडणाऱ्या सोळा हजारांपेक्षा त्याला आपलं नाव जड वाटलं. हे लिहितानाही राग येतो, पण खरं ते हेच.

मग त्यानं मधला मार्ग काढला. भित्र्या माणसांचा हा आवडता रस्ता. कागद द्यायचा नाही, पण खोटंही यापुढं लिहायचं नाही. सोमवारी संध्याकाळी त्यानं साहेबांच्या हुकुमाप्रमाणे फाईल उघडली, पाचवी ओळ निवडली आणि पुसून टाकली. त्या जागी चांदीच्या नाण्यांच्या दोन ओळी केल्या. एकाही पेपरचा फोन आला नाही. त्या रात्री त्याला अकरा वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली. आपण फार मोठं प्रायश्चित्त घेतलं असंच त्याला वाटलं.

शेवंताबाई मंगळवारी परतल्या. निघताना त्यांनी फोन केला, "भाऊ, कागद विसरू नका." तो म्हणाला, "नाही विसरत, ताई." मनातल्या मनात त्यानं कागदाचे तीन मसुदे केलेही. सव्वीस वर्षांचा भाषांतरकार तो. पहिल्यात 'अनवधानाने' हा शब्द होता, दुसऱ्यात 'तांत्रिक कारणास्तव', तिसऱ्यात कर्ताच नव्हता. एकाही मसुद्यात 'मी' बसेना.

एक तारीख आली आणि गेली. दोन तारखेला रविवार. सकाळी अकराला तो बाल्कनीत पेपर वाचत बसला होता, फोन वाजला.

"भाऊ, मी शेवंता. तुमसरहून."

"बोला, ताई. कागदाचं चाललंय हो, साहेबांची सही..."

"कागद राहू द्या जी." आवाज घाईचा होता, जिना चढून आल्यासारखा. "काल पेपरात गिनी आली नाही. मी दोन पेपर घेतले, एसटी स्टँडवरून तिसरा आणला. कुठंच नाही. वर सोनं आहे, चांदी आहे, गिनीच नाही."

प्रफुल्ल उभा राहिला.

"पैशासाठी मिलवर यांच्याकडे गेली तर वकिलाले फोन लावला त्याईनं. वकील म्हणे, करारात छापून आलेला भाव लिहिला आहे. भाव छापला नाही तर पैसे कशाचे द्यायचे? भाव छापून आणा, कोणत्याबी तारखेचा, आन् घेऊन जा. माझा वकील म्हणते, कोर्टात अर्ज टाकू, तीन साल लागतील. तीन साल मी काय खाऊ, भाऊ?"

आत स्वयंपाकघरात क्रांती काहीतरी परतत होती. त्याचा चरचर आवाज येत होता, मोहरीचा वास येत होता.  एक ओळ लिहून त्यानं या बाईला अकरा वर्षं लुबाडलं होतं आणि तीच ओळ पुसून तिच्या तोंडचा घास काढला होता. दोन्ही वेळा तो टेबलावरून उठलासुद्धा नव्हता.

"ताई," तो म्हणाला.  "ताई, ऐका. तो बाबू कुठं गेला नाही. तो भाव मीच लिहीत होतो. अकरा वर्षं, रोज. मला खरा भाव माहीत नव्हता आणि मी विचारला नाही. ती ओळ काढलीसुद्धा मीच."

पलीकडे कुठंतरी मोटारसायकल गेली. तो वाट बघत राहिला. शिवी यावी, शाप यावा, फोन आपटला जावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. निदान काहीतरी फिटलं असतं.

"तुमी?" शेवंताबाई म्हणाल्या.

"मीच. मी लिहून देतो कागद, माझ्या नावानं, माझ्या सहीनं. शिक्का मिळो न मिळो. आणि उद्यापासून खरा भाव छापतो, नव्वद हजार. नोकरी जाईल तर जाऊ दे."

"नको, नको!" त्या एकदम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, भीती होती. "नव्वद छापू नका, भाऊ. एकदम एवढा मोठा आकडा बघून ते कोर्टात धावतील. म्हणतील छापायची चूक आहे. तोवर जे येते तेबी बंद. कागदाचं मग बघू. पहिलं गिनी आणा पेपरात." मग थोडं थांबून, जरा सैल आवाजात त्या म्हणाल्या, "तुमीच लिहिता म्हणजे सोपंच झालं मग. मी उगा मोठमोठ्या लोकाईले भेटत फिरत होती. तुमच्या हातात आहे सगळं."

प्रफुल्लला रडू फुटलं. साठीच्या बाईनं आपल्याला झापायचं तर तिला हायसं वाटत होतं, हे त्याला सहन होईना. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. आतून क्रांतीनं विचारलं, "कोण आहे रे?" 

"उद्याच्या अंकात येईल ना, भाऊ?"

"येईल, ताई. साहेबांना न विचारता पाठवतो." मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो अकरा वर्षांत त्यानं कुणालाच विचारला नव्हता. "किती लिहू?"

त्या विचारात पडल्या.  नव्वद हजारांची गिनी त्यांच्या हक्काची होती आणि भाव ठरवायचा अधिकार पहिल्यांदाच त्यांच्याकडे आला होता.

"तेच लिहा, चोवीस हजार सहाशे," त्या म्हणाल्या. आणि मग, दुकानदाराशी घासाघीस करताना पुढचा उठून जाईल की काय अशा आवाजात, "का दोनशे वाढवता येतील जी? पन्नास रुपये जास्त पडतील मले. गुडघ्याची गोळी आहे एक. दोनशे फार तर नाही ना होत, भाऊ?"